एका बापाच्या दोन गाद्या: एसारहद्दोनच्या वारसा-व्यवस्थेचं प्रकरण

इ.स.पू. ६८१. अश्शूरच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन राज्याच्या, गादीवर सेनाकेरिब होता. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो सन्हेरीब म्हणून ठाऊक असेल. त्याच्याविरुद्ध कट शिजत होता आणि काही बॅबिलोनी माणसांना त्याचा सुगावा लागला. त्यांच्यातल्या एकाने थेट राजापुढे जाऊन बोलण्याची मागणी केली. नबू-शुम-इश्कुन आणि सिल्लाया या दोन अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, कशाबद्दल बोलायचंय? तो म्हणाला, अर्दा-मुलिस्सूबद्दल. त्यांनी त्याच्याच अंगावरच्या वस्त्राने त्याचं तोंड झाकलं, त्याला आत नेऊन उभं केलं आणि सांगितलं की तुझी मागणी मान्य झाली आहे, बोल. तो बोलला : तुमचा मुलगा अर्दा-मुलिस्सू तुम्हाला मारणार आहे. तोंडावरचं वस्त्र दूर झालं तेव्हा समोर राजा नव्हताच, खुद्द अर्दा-मुलिस्सू होता. त्याने सगळी चौकशी करून घेतली आणि मग त्या माणसाला त्याच्या साथीदारांसकट संपवण्यात आलं.

हा प्रसंग नंतर एसारहद्दोन राजाला लिहिलेल्या एका पत्रातून कळतो. मातीची पाटी फुटकी आहे, पण मुद्द्याचा भाग शाबूत आहे. अभ्यासक सिमो पार्पोला यांनी १९८० मध्ये या पत्राच्या आधारे दाखवून दिलं की बापाचा खून करणारा, बायबलात अद्रम्मेलेक म्हणून येणारा मुलगा म्हणजे हाच अर्दा-मुलिस्सू. तेबेत महिन्याच्या २० तारखेला सेनाकेरिब मारला गेला.

त्याच्यानंतर गादी मिळाली ती त्याच्या धाकट्या मुलाला, एसारहद्दोनला. 'माझ्यानंतर काय होणार' हा प्रश्न या माणसाने आयुष्यभर उराशी बाळगला आणि त्यावर अश्शूरच्या इतिहासातली सर्वांत तपशीलवार, लेखी, साक्षी-शपथांनी बांधलेली व्यवस्था केली. तो मेला तेव्हा ती व्यवस्था चोख चालली. सतरा वर्षांनी तीच व्यवस्था दोन भावांच्या युद्धात मोडली. एकाच आराखड्याचे हे दोन निकाल कसे लागले, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : एसारहद्दोनने स्वतःवर गुदरलेल्या संकटाचा पक्का बंदोबस्त केला, पण आपल्या मुलांवर येऊ घातलेल्या संकटाचा विचार फारच थोडा केला.

बापाकडून आलेलं दुखणं

सेनाकेरिबचं घर मुळात बॅबिलोनमुळे विस्कटलं. दक्षिणेचं हे शहर अश्शूरच्या लोकांना गुरुस्थानी होतं. देव, ग्रंथ, ज्योतिष, पूजाविधी यांतलं पुष्कळसं तिथूनच आलेलं. त्यामुळे ते जिंकता यायचं, पण पचवता यायचं नाही. सेनाकेरिबने सगळे उपाय करून पाहिले. आधी स्वतः राजा म्हणून राहिला. मग बेल-इब्नी नावाचा बॅबिलोनी माणूस बसवला. आपल्याच राजवाड्यात वाढलेल्या या माणसाची तुलना त्याने आपल्या शिलालेखात कुत्र्याच्या पिल्लाशी केली आहे, यावरून त्याला तिथे कसला राजा हवा होता ते समजावं. तो निरुपयोगी ठरल्यावर इ.स.पू. ७०० मध्ये त्याने आपला थोरला मुलगा अश्शूर-नादिन-शुमी तिथे पाठवला. सहा वर्षांनी एलाम या पूर्वेकडच्या शेजारी राज्याच्या सैन्याने त्याला पकडून नेलं आणि तो परत आला नाही. शेवटी ६८९ मध्ये सेनाकेरिबने बॅबिलोन उद्ध्वस्त केलं आणि तिथला मुख्य देव मर्दुक याची मूर्ती अश्शूरला नेली.

थोरला गेल्यावर अर्दा-मुलिस्सू युवराज झाला. काही वर्षं तो युवराज म्हणून वावरला, आणि मग बापाने अचानक मत बदलून एसारहद्दोनचं नाव पुढे केलं. सगळ्यांत धाकटा, आई नकिया. एसारहद्दोनच्या लेखात याचं कारण देवाज्ञा असं दिलं आहे. शमाश आणि अदाद या देवांना कौल लावला तेव्हा 'हाच तुझ्या जागी येणार' असं उत्तर मिळालं म्हणे. भावांनी त्याच्याविरुद्ध बापाचे कान भरले, त्याला दूर सुरक्षित जागी जावं लागलं, आणि मागे खून झाला. गादीसाठी भाऊ करडांसारखे एकमेकांना टकरा देऊ लागले, असं तो लिहितो. तो स्वतः सैन्याची जमवाजमव पुरती व्हायची वाट न बघता ऐन थंडीत, शेबात महिन्यात, निघाला. वाटेत हनिगलबातला समोर उभं राहिलेलं भावांचं सैन्य फुटलं, 'हाच आमचा राजा' म्हणत त्याच्याकडे आलं. दोन महिन्यांत प्रकरण आटोपलं. भाऊ परागंदा झाले.

यातून तो काय शिकला? युवराज नेमणं पुरेसं नाही, नेमल्यावर साऱ्या राज्याला त्याच्याशी बांधून घ्यावं लागतं. बाप मेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे. घरातली माणसंच सगळ्यांत धोक्याची. तिन्ही धडे खरेच होते.

बॅबिलोनबाबत त्याने बापाच्या उलट धोरण धरलं आणि ते पुन्हा बांधायला काढलं. यात एक अडचण होती. मर्दुकने कोपून शहर ७० वर्षं ओसाड राहील असं विधिलिखित केलं होतं, असं एसारहद्दोनचाच लेख सांगतो. आणि झाली होती जेमतेम दहा-बारा वर्षं. पंडितांनी तोड काढली. कीलाकार लिपीत ७० हा आकडा एक उभी खूण आणि एक तिरपी खूण मिळून होतो. त्यांची जागा उलटली की तोच आकडा ११ होतो. दयाळू मर्दुकने पाटी उलटी केली आणि अकराव्या वर्षी शहर वसवायची आज्ञा दिली, असं मग लेखात आलं. राज्यकारभारातली इतकी देखणी पळवाट मी दुसरी वाचलेली नाही.

६७२ चा अय्यार महिना

एसारहद्दोन आजारी माणूस होता. ताप, अशक्तपणा, अंगावर पुरळ, अन्नावरची वासना उडालेली. वैद्य उराद-नानायाच्या पत्रावरून दिसतं की राजा त्याला वारंवार विचारायचा, माझ्या दुखण्याचं निदान का करत नाहीस, उतारा का पडत नाही? मांत्रिक अदाद-शुम-उसुर दुसऱ्या एका पत्रात त्याला जवळजवळ रागावतो : दुसरा दिवस झाला, राजापुढे ताट का येत नाही? राजा म्हणजे शमाशची, सूर्याची प्रतिमा. सूर्य इतका वेळ अंधारात राहतो का? अर्धा दिवस फार झाला. जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य सांभाळणारा माणूस अंधाऱ्या खोलीत जेवणाशिवाय बसून राहतो आणि दरबारचा मांत्रिक त्याला उठवायला पत्र लिहितो. नंतरची घाई समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

वारस ठरवण्याआधी देवाला विचारायची रीत होती. प्रश्न लिहून सूर्यदेवापुढे ठेवायचा, मेंढा कापायचा आणि त्याच्या काळजावरच्या खुणा वाचायच्या. असा एक प्रश्न शिल्लक आहे : सिन-नादिन-अप्ली या मुलाला युवराजवाड्यात आणावं का? पुढे हा मुलगा कुठेच दिसत नाही. ६७२ मध्ये, साधारण आपल्या वैशाखात येणाऱ्या अय्यार महिन्यात, जाहीर झाला तो वेगळाच निर्णय. असुरबनिपाल अश्शूरचा युवराज आणि त्याचा थोरला भाऊ शमाश-शुम-उकीन बॅबिलोनचा युवराज.

थोरल्याला डावलून धाकट्याला मोठी गादी! एसारहद्दोनच्या बापाने नेमकं हेच केलं होतं आणि जीव गमावला होता. फरक इतकाच की या वेळी थोरल्याला रिकाम्या हाती ठेवलं नव्हतं. अदाद-शुम-उसुरने राजाचं अभिनंदन करताना मोठ्या खुबीने लिहिलं : जे स्वर्गातही कोणी केलं नाही ते महाराजांनी पृथ्वीवर करून दाखवलं, एका मुलाला अश्शूरचं राज्य दिलं, थोरल्याला बॅबिलोनच्या राज्यावर नेमलं, एकाला उजवीकडे बसवलं, दुसऱ्याला डावीकडे. स्तुतीच आहे ही, पण 'पूर्वी असं कधी झालेलं नाही' हा इशाराही तिच्यात वाचता येतो.

युवराजवाडा ही नुसती इमारत नव्हती, ते राजा घडवायचं ठिकाण होतं. शिकार, रथ, धनुर्विद्या, दरबारी रीत, आणि असुरबनिपालच्या बाबतीत लिहिणं-वाचणंही. महापुराच्या आधीचे लेख आपण वाचू शकतो अशी बढाई तो पुढे मारतो. या वाड्यातलं वातावरण कसं होतं, ते एका छोट्या पत्रातून फार जवळून दिसतं. एसारहद्दोनची मुलगी शेरुआ-एतिरात हिने आपल्या भावजयीला, असुरबनिपालच्या बायकोला, लिबाली-शर्रातला लिहिलं : तू पाटी का लिहीत नाहीस, अभ्यास का म्हणत नाहीस? लोक म्हणतील, ही का त्या शेरुआ-एतिरातची बहीण? मी राजाची थोरली लेक आहे; तू सून आहेस, युवराजाच्या घरची मालकीण आहेस. नणंदेचा हा सूर कुठल्याही मराठी घरात ओळखू येईल. पण त्यात राजकारण आहे : कोण घरची, कोण बाहेरून आलेली, कोणाचा मान कुठे, हे तिथे सतत मोजलं जायचं.

पाटीत काय होतं

मग आली शपथ. दरबारातले लेखक, शकुन पाहणारे, मांत्रिक, वैद्य, पक्ष्यांवरून भविष्य सांगणारे, राजवाड्यातले नोकर, प्रांतांचे अधिकारी, मांडलिक, सगळ्यांना शपथ घ्यावी लागली. मजकूर एकच, नाव तेवढं बदलायचं.

या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला, म्हणजे प्राचीन कल्हूला, नबू देवाच्या मंदिरात सापडल्या. पूर्वेकडच्या मीड सरदारांसाठी केलेल्या. उराकझबानूचा सरदार रामाताया याची प्रत सर्वांत पूर्ण आहे. साधारण ४५ सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर रुंद, साडेसहाशेच्या वर ओळी. वर तीन मुद्रा, तिन्ही अश्शूर देवाच्या नावाच्या आणि वेगवेगळ्या काळातल्या. करार राजाचा, पण सही देवाची. २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातच्या मंदिरात आणखी एक प्रत मिळाली. या पाटीला आपल्या देवासारखं जपा, असं एक कलमच मजकुरात आहे. मंदिरातच सापडली म्हणजे तिथल्या लोकांनी ते शब्दशः घेतलं असावं.

(निमरूदचं नाव मुंबईकरांना अगदीच परकं नाही. तिथल्या एका आधीच्या राजाच्या वाड्यातले कोरीव शिलापट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. या पाट्यांशी त्यांचा संबंध नाही, पण या राजांना स्वतःला कसं दाखवून घ्यायचं होतं ते तिथे उभ्या उभ्या कळतं.)

कलमांमधून एसारहद्दोनचं मन उघडं पडतं. मुलं लहान असताना मी मेलो तर असुरबनिपालला गादीवर बसवा. त्याच्याबद्दल वाईट शब्द कानावर आला तर लपवू नका. तो त्याच्या भावांच्या तोंडचा असो, चुलत्यांच्या, तुमच्या स्वतःच्या मुलाच्या किंवा अंगात येणाऱ्या भविष्यवाद्याच्या. कट करणाऱ्याला धरता आलं तर धरून मारा, नाहीतर येऊन सांगा. मुला-नातवंडांना हे शिकवा. तोंड झाकून अर्दा-मुलिस्सूपुढे उभ्या केलेल्या त्या माणसाची गोष्ट ठाऊक असली की 'येऊन सांगा' हे इतक्या वेळा का लिहिलंय ते कळतं.

शेवटचा मोठा हिस्सा शापांचा. आभाळ कांस्याचं होवो, त्यातून पाऊस न पडो. उपासमारीत पोटच्या पोरांचं मांस खा. साप आणि मुंगूस जसे एका बिळात नांदत नाहीत, एकमेकांचा गळा तोडायचाच विचार करतात, तसं तुमचं आणि तुमच्या बायकांचं होवो. साप-मुंगसाचं वैर ही उपमा तिथल्या करारातही इतक्या सहज यावी याची मला गंमत वाटते.

थोरल्या भावाचं काय? त्याच्यासाठीही कलम आहे. शमाश-शुम-उकीनला बॅबिलोनच्या गादीवर बसवा, सुमेर-अक्कादचं, म्हणजे दक्षिणेचं, सगळं राज्य त्याच्या हवाली करा, बापाने दिलेल्या देणग्या त्याच्याबरोबर जाऊ द्या, त्यातली एकही वस्तू मागे ठेवू नका. वाचायला छान आहे. पण साडेसहाशे ओळींतल्या मोजक्याच ओळी या, आणि त्यांत गादीवर बसवण्यापुरतीच हमी आहे. बसल्यानंतर त्याचा अधिकार कुठवर, दोघांत वाद झाला तर कोणी सोडवायचा, याबद्दल अक्षर नाही.

पहिली परीक्षा

शपथेची कसोटी दोनदा लागली, आणि दोन्ही वेळा ती टिकली.

पहिल्यांदा एसारहद्दोनच्या हयातीतच. ६७१ मध्ये इजिप्त जिंकलं, मेम्फिस पडलं, वैभवाचा कळस झाला. आणि त्याच सुमारास हर्रानजवळ एका दासीच्या अंगात आलं. 'हा नुस्कू देवाचा शब्द आहे : राज्य सासीचं आहे, सेनाकेरिबचं नाव आणि बीज मी नष्ट करीन.' नबू-रेहतू-उसुर नावाच्या माणसाने हे राजाला पत्रांवर पत्रं लिहून कळवलं. कलमाबरहुकूम. बॅबिलोनी बखर ६७० सालाखाली कोरडेपणाने नोंदवते की राजाने आपले पुष्कळ सरदार तलवारीखाली घातले.

त्याच काळात चंद्रग्रहण झालं आणि बदली राजा बसवण्याचा विधी करावा लागला. अपशकुन राजाच्या जिवावर असेल तर दुसऱ्या कोणाला गादीवर बसवायचं, जास्तीत जास्त शंभर दिवस, आणि मग त्याच्या मृत्यूने शकुन पुरा करायचा. तोवर खऱ्या राजाला पत्रात 'शेतकरी' म्हणायचं. बहुधा कोणी नगण्य माणूस निवडत. पण या खेपेला निवडला गेला दामकी, अक्काद शहराच्या मंदिर-प्रमुखाचा मुलगा, आणि त्याच्या जोडीला एक स्त्री, राणी म्हणून. तूच राजा होशील असं एका भविष्यवादिनीने त्याला सांगितलं होतं. मार-इस्सार हा अधिकारी कळवतो : ते दोघे नियतीप्रमाणे गेले, थडगं तयार केलं, दोघांना सजवलं, पुरलं, शोक केला. बॅबिलोनी प्रतिष्ठितांना यातून काय निरोप गेला असेल, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी कसोटी खरी. ६६९ मध्ये एसारहद्दोन पुन्हा इजिप्तवर निघाला आणि वाटेत आजारी पडून मेला. जो क्षण तो आयुष्यभर घाबरत होता तो आला. तेव्हा म्हातारी नकिया, जिला झकुतू असंही म्हणत, पुढे आली. सेनाकेरिबची बायको, एसारहद्दोनची आई, या नात्याने तिने स्वतःच्या नावाने नवी शपथ घालून घेतली. असुरबनिपालशी इमान राखायचं. शपथ घेणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं? शमाश-शुम-उकीनचं. मग दुसरे भाऊ, राजघराणं, सरदार, बाकी सगळे.

कुठेही तलवार निघाली नाही. अश्शूरमध्ये धाकटा गादीवर बसला. त्याच्या राज्यारोहणाचं स्तोत्र शिल्लक आहे. त्यात 'अश्शूर हाच राजा' असा घोष आहे, असुरबनिपाल त्याचा प्रतिनिधी. आणि लगेच खाली बाजारभाव : एका शेकेल चांदीला ३० कोर धान्य मिळो, ३० मिना लोकर मिळो. राजाचं पुण्य प्रजेने धान्याच्या भावात मोजायचं, ही समजूत मला त्यांच्या सगळ्या युद्धशिल्पांपेक्षा जास्त बोलकी वाटते. ६६८ मध्ये मर्दुकची मूर्ती वाजतगाजत अश्शूरहून बॅबिलोनला परत गेली आणि शमाश-शुम-उकीन तिथला राजा झाला.

इथपर्यंत पाहिलं तर एसारहद्दोनचा आराखडा हा यशस्वी वारसा-नियोजनाचा नमुनाच.

दुसऱ्या गादीवर काय होतं

सोळा वर्षं शांतता होती. बॅबिलोनमधले व्यवहाराचे कागद, म्हणजे पाट्या, शमाश-शुम-उकीनच्या राज्यवर्षाने नोंदले जात. पण निप्पूर, उरुक, ऊर इथले अधिकारी पत्र लिहायचे ते अश्शूरच्या राजधानीला, निनवेला, असुरबनिपालला. बॅबिलोनच्या मंदिरांचं बांधकाम असुरबनिपाल स्वतःच्या नावाने करायचा आणि तसं कोरून ठेवायचा. परराष्ट्र धोरण निनवेचं, मोठं सैन्य निनवेचं.

ब्रिटिश म्युझियममध्ये दोन शिळा आहेत. दोन्हींवर राजा डोक्यावर विटांची पाटी घेऊन उभा, मंदिर बांधणारा पुण्यवान राजा म्हणून, ही दक्षिणेतली फार जुनी पद्धत. एक शिळा असुरबनिपालची, बॅबिलोनच्या एसागिल मंदिरातली. दुसरी शमाश-शुम-उकीनची, बोर्सिप्पातली; तिच्यावरचा चेहरा खराब केलेला आहे. एकाच मुलखात दोन भाऊ, दोघांच्याही डोक्यावर त्याच विटा. प्रजेने कोणाला बांधणारा मानायचं?

असुरबनिपालची बाजूही ऐकायला हवी. तो म्हणतो, बापाने सांगितलं होतं त्याहून जास्त मी त्याला दिलं. सैनिक, घोडे, रथ, शहरं, शेतं, बागा, त्यांत राहणारी माणसंही. हे खोटं असेलच असं नाही. पण त्या वाक्यातच सगळं आहे : 'मी दिलं.' बापाने जे हक्क म्हणून ठरवलं ते धाकट्याच्या हातून देणगी म्हणून येत होतं. आणि बापाच्या कलमांत त्याविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती.

फूट

६५२ मध्ये शमाश-शुम-उकीन उठला. सिप्पर, बॅबिलोन, बोर्सिप्पा यांच्या वेशी बंद केल्या आणि तिथल्या देवांपुढे असुरबनिपालच्या नावाने होणारे नैवेद्य थांबवले. त्याने एसागिलच्या खजिन्यातून एलामला लाच दिली. एलामच्या गादीवर तेव्हा उम्मानिगाश होता. वर्षभरापूर्वी असुरबनिपालनेच तिथला आधीचा राजा तेउम्मान याचं मुंडकं उडवून त्याला तिथे बसवलं होतं. तोही फिरला. दक्षिणेतले कल्दी, अरब, आणखी कितीतरी जण मिळाले. उठाव म्हणजे एका भावाचा रुसवा नव्हता. अश्शूरखाली दबलेल्या सगळ्यांना एक वजनदार नाव मिळालं होतं.

असुरबनिपालने बॅबिलोनच्या नागरिकांना अय्यार महिन्याच्या २३ तारखेला पत्र लिहिलं. त्या 'भाऊ नसलेल्या'ने तुम्हाला सांगितलेली वाऱ्यावरची बोलणी माझ्या कानी आली, सगळी खोटी. त्याचं ऐकू नका, तुमचं चांगलं नाव घालवू नका. राजा भावाला डावलून त्याच्या प्रजेला समजावतो आहे. उपयोग झाला नाही.

हिवाळ्यात लढाई सुरू झाली. ६५० च्या उन्हाळ्यात बॅबिलोनला वेढा पडला आणि दोन वर्षं राहिला. नववर्षाचा अकितू उत्सव त्या वर्षांत झालाच नाही. शहरातल्या खरेदी-विक्रीच्या पाट्यांवर धान्याचे अव्वाच्या सव्वा भाव दिसतात आणि लेखक मध्येच नोंद करतो : शहराला वेढा आहे, देशात दुष्काळ आहे, आई लेकीला दार उघडत नाही. कायदेशीर दस्तऐवजात हे वाक्य लिहावंसं वाटणं, यावर भाष्य नको. ६४८ मध्ये शहर पडलं. शमाश-शुम-उकीन आगीत मेला. देवांनीच त्याला आगीत टाकलं, असं असुरबनिपालचा लेख म्हणतो. पकडलेल्यांपैकी काहींना त्याने, आजोबा सेनाकेरिबचा जिथे खून झाला त्याच पंखधारी बैलांच्या मूर्तींपाशी, आजोबांच्या नावाने मारवलं. तेहतीस वर्षांपूर्वीचा हिशेब त्या घराने अजून मिटवलेला नव्हता.

विजयानंतर लगेच, ६४७ च्या सुरुवातीला, निनवेच्या ग्रंथालयात सुमारे २००० पाट्या आणि ३०० मेण लावलेल्या लाकडी फळ्या जमा झाल्याच्या नोंदी आहेत. काही मेहनत बंदिवानांकडूनही करून घेतली जाई. एक कारभारी कळवतो : निप्पूरच्या प्रमुखाचा मुलगा निनुर्ता-गिमिल्ली याने ग्रंथमाला लिहून संपवली, त्याला बेड्या घातल्या आहेत, युवराजवाड्यात बानुनूच्या ताब्यात आहे, सध्या त्याला काम नाही. असुरबनिपालच्या विद्याप्रेमाचं कौतुक आपण सगळेच करतो. या चार वाक्यांसकट करावं.

आराखडा कुठे कमी पडला

काही अभ्यासक म्हणतात, दोन राजे नेमले तिथेच चुकलं. मला ते अर्धंच पटतं. बॅबिलोनवर थेट राज्य, कळसूत्री राजा, मुलाची नेमणूक, विध्वंस, हे चारही उपाय सेनाकेरिबने करून झाले होते. घरातल्या थोरल्याला तिथे राजा करणं हा एकाच वेळी बॅबिलोनचा मान आणि थोरल्याचा मान राखायचा मार्ग होता, आणि सोळा वर्षं चाललेला उपाय वाईट म्हणता येत नाही. आधीचा कोणताही इतका टिकला नव्हता.

चूक इमानाच्या दिशेत होती. सगळ्या शपथा एकाच माणसाकडे जाणाऱ्या होत्या. प्रजा असुरबनिपालला बांधलेली, सरदार असुरबनिपालला बांधलेले, थोरला भाऊही असुरबनिपालला बांधलेला. असुरबनिपालला मात्र थोरल्याशी कोणी बांधलं नाही. एसारहद्दोनला भीती होती खंजिराची, एका रात्रीची. वर्षानुवर्षं साचणाऱ्या अपमानाचा त्याला अनुभवच नव्हता. स्वतः तर तो दोन महिन्यांत सुटला होता. शिवाय नकियासारखं दोघांच्या वरचं, दोघांनाही खडसावू शकेल असं माणूस ६५२ पर्यंत चित्रात कुठे दिसत नाही.

लोकांनाही ही उणीव जाणवली असावी. इजिप्तमध्ये सापडलेल्या, अरामी भाषेत पण इजिप्तच्या डेमोटिक लिपीत लिहिलेल्या एका पपायरसवर या भावांची गोष्ट आहे. युद्धानंतर काही शतकांनी लिहून काढलेली. तीत सर्बनबाल आणि सर्मुगे हे भाऊ, आणि त्यांच्यात समेट करायला बॅबिलोनला जाणारी बहीण सरित्रा. ही सरित्रा म्हणजे शेरुआ-एतिरातच, भावजयीला अभ्यासावरून बोलणारी. ती थोरल्याला समजावते, तो ऐकत नाही, तेव्हा ती चिडून म्हणते : मग डांबर-राळ घालून घर बांध, मुलाबाळांना आत घे आणि जळून जा. खरी शेरुआ-एतिरात बॅबिलोनला गेल्याचा पुरावा नाही. पण गोष्ट रचणाऱ्याला दोन राजांच्या मध्ये उभं राहणारं कोणीतरी हवं होतं, आणि त्याने ते घरातूनच उचललं.

असुरबनिपालने पुन्हा भाऊ पाठवला नाही. बॅबिलोनवर कंदलानू नावाचा राजा बसवला, जो इतका गुमान राहिला की वीस वर्षं राज्य करून त्याच्या मागे कागदांवरच्या तारखांखेरीज फारसं काही उरलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर तिथली गादी पुन्हा मोकळी झाली. अश्शूरमध्ये तोवर असुरबनिपालच्या स्वतःच्या मुलांत आणि दरबाऱ्यांत ओढाताण लागली होती, आणि ६२६ मध्ये नबोपोलास्सर बॅबिलोनचा राजा झाला. चौदा वर्षांनी मीड लोकांना बरोबर घेऊन त्याने निनवे पाडलं.